आपट्याच्या वाटेवरचं फाटक

कराडहून पहाटेची एसटी पकडायला निघालो तेव्हा हिने, म्हणजे सुनंदाने, एवढंच विचारलं, "या वयात बेचाळीस किलोमीटर पळून काय मिळवायचंय तुम्हाला?" मी बॅगेची चेन लावत राहिलो. मॅरेथॉन पळायची हे मी कॉलेजपासून म्हणत आलो होतो. नोकरी, बदल्या, आईचं आजारपण यांत ते राहून गेलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना जावईबापूंनी आपल्या नावाबरोबर माझंही नाव नोंदवलं आणि शर्यतीचा नकाशा मोबाईलवर पाठवला. पनवेलहून निघायचं, गोव्याच्या रस्त्याने कर्णाळ्यावरून आपट्याला पाताळगंगा नदीपर्यंत जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं.

नकाशा बघताना एका ठिकाणी बोट थांबलं. त्याबद्दल पुढे सांगतोच.

पनवेलच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दुपार झाली होती. थंडीचे दिवस, पण खाडीकडून येणारी हवा अंगाला चिकटत होती. रिक्षावाल्याने बॅगेला लटकवलेले बूट पाहिले. "पळायला आलाय काय काका? गेल्या टायमाला एकाला मीच हॉस्पिटलात नेला होता." मी म्हटलं, "आत्ता खारघरला न्या. बेलपाडा." त्याने वाटेभर त्या माणसाची हकीकत सांगितली. शेवटी तो माणूस जगला, आणि भाडं न देता गेला.

बेलपाडा हे खारघरमधलं मूळ गाव. आता चहूबाजूंनी टॉवर उभे राहिलेत. मधे देऊळ, कोंबड्या आणि दारात वाळत घातलेला जवळा (बारीक सुकी कोळंबी) टिकून आहे. गावाला लागूनच्या इमारतीत आमची मुलगी मुग्धा राहते. जावई, निनादराव, घरीच होते. पळण्याच्या बाबतीत ते फार कडक. जवळ्याच्या वासाने भूक लागली होती, पण ताटात वरणभात आणि उकडलेला बटाटा. "उद्या दुपारी बोंबील, बाबा. आज पोटाला काही नवीन नको." मुग्धा वाढताना माझ्याकडे पाहत नव्हती. नकाशा तिनेही पाहिला होता. निनादराव आतल्या खोलीत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "सकाळी अंधारच असेल तिथे." मी मान हलवली. बापलेकीत त्या दिवशी एवढंच बोलणं झालं.

पहाटे पनवेलच्या तलावाकाठी सुटायच्या जागी पोचलो. लाऊडस्पीकर, मलमाचा वास, फिरत्या संडासांपुढे रांगा. छातीवर नंबराचा कागद लावताना सेफ्टीपिन बोटात घुसली आणि कागदावर रक्ताचा ठिपका पडला. निनादराव म्हणाले, "शुभशकुन समजा." आम्ही हसलो. माणूस मनाचा मोकळा आहे. त्यांच्याशी मी पहिल्या भेटीपासून खोटं बोलत आलोय, हे त्या गर्दीत उभं असताना नेमकं आठवलं.

पहिला तास सुखाचा गेला. गावाबाहेर पडलो, पळस्प्याचा फाटा मागे पडला आणि शेकडो बुटांचा एकसारखा आवाज तेवढा राहिला. कर्णाळ्याच्या खिंडीत झाडीतून गारवा येत होता. वर किल्ल्याचा सुळका आभाळापेक्षा थोडा जास्त काळा दिसत होता. निनादराव मला धरून हळू पळत होते. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे." ते म्हणाले, "मुग्धाने सांगितलंय, बाबांना सोडू नका."

खिंड उतरल्यावर आपट्याकडे वळलो. तिथून थोड्या अंतरावर एक फाटक आहे. आत बैठी इमारत, आवारात आंब्याची झाडं. ज्यांना घरी सांभाळणं होत नाही अशा माणसांसाठी ती संस्था आहे. फाटकावर ट्यूबलाईट जळत होती. खुर्च्या मांडून दहाबारा जण शाली पांघरून बसले होते आणि पळणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत होते. हे मला अपेक्षित नव्हतं. पण त्याआधी, खुर्च्या दिसायच्याही आधी, आवाज ऐकू आला होता.

"एक, सात, चार, दोन. एक, एक, नऊ, सहा."

माझा थोरला भाऊ, वसंतदादा. त्याची बुद्धी सातआठ वर्षांच्या मुलाची राहिली. अक्षरं आली नाहीत, आकडे मात्र आले. लहानपणी कराडच्या स्टँडवर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर तो मोठ्याने वाचायचा. आता पळणाऱ्यांच्या छातीवरचे वाचत होता, एकही न चुकवता.

आई गेल्यावर दादा आमच्याकडे होता. सुनंदा धाकट्या भावाची बायको, तरी तो तिला वहिनीच म्हणायचा. मुग्धाला स्थळं पाहायला लागलो तेव्हा पहिल्याच पाहुण्यांपुढे तो बाहेर आला, मला हाक मारून लाडू मागू लागला. पाहुण्यांचा निरोप चार दिवसांनी आला: मुलगी छान आहे, पण रक्तात असलं काही असेल तर पुढे मुलाबाळांना त्रास. दुसऱ्या वेळी आम्ही त्याला मागच्या खोलीत बसवला. तिसऱ्याच्या आधी मी ही संस्था शोधली. कराडपासून इतकी लांब, की ओळखीचं कोणी फिरकू नये. नातेवाइकांना सांगितलं, दादा कोकणात चुलतभावाकडे असतो. आणि निनादरावांच्या आईवडिलांना मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "मी एकुलता एक." मुलगी लग्न होऊन नेमकी खारघरला आली. पहिल्या वर्षी मी दादाला भेटायला जात होतो. पुढे जाणं कमी झालं. गेली दोन वर्षं फक्त फोन.

फाटक जवळ आलं तशी मी टोपी पुढे ओढली आणि निनादरावांच्या पलीकडून पळू लागलो. "दोन, शून्य, आठ, चार," दादाने वाचलं. मग माझा, "दोन, शून्य, आठ, पाच." आवाजात काही फरक नव्हता. त्याने ओळखलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. निनादरावांनी हात वर करून त्याला "थँक्यू काका" म्हटलं.

त्यानंतर आपट्यापर्यंतचं फारसं काही आठवत नाही. उजाडलं. नदीवर धुकं होतं, कोणीतरी होडी लोटत होतं. गावातल्या बायका टेबल मांडून संत्री, गूळ, मीठ-पाणी देत होत्या. परतीच्या खांबाला वळसा घालून त्यांच्यापाशी टेकलो तर एक जण म्हणाली, "आवो काका, कोन मागं लागलाय का तुमच्या? आस्ते जा ना."

"बायको लागली आसंल," दुसरी म्हणाली.

"मग थांबू नका, पला."

सगळ्या हसल्या. मी गुळाचा खडा तोंडात टाकून उठलो. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. ऊन चढलं होतं. निनादराव सतत घड्याळ बघत होते. शर्यतीच्या मागून एक बस येते आणि वेळेत न येणाऱ्यांना गोळा करत जाते. "बाबा, या चालीने गेलो तर बसच्या पुढे राहू. फक्त थांबायचं नाही. थांबलात की पाय धरतील."

शाळेत मी पळायला का लागलो ते मला त्या उन्हात आठवलं. दादा मैदानावर माझ्या मागे मागे यायचा, पोरं हसायची. तो दिसेनासा होईपर्यंत मी पळायचो. लोक म्हणाले, पोराच्या पायात दम आहे.

फाटक पुन्हा दिसलं. खुर्च्या उचलल्या होत्या. दादा एकटाच फाटकाच्या गजांना धरून उभा होता, डोक्यावर रुमाल. शेजारी तिथली मावशी त्याला आत चल म्हणून विनवत होती. तो येणाऱ्यांचे नंबर वाचत होता. आता पळणारे विरळ झाले होते, त्यामुळे दोन नंबरांच्या मधे तो बराच वेळ गप्प राहत होता.

मी थांबलो.

"बाबा, इथे नको," निनादराव म्हणाले. "पुढे पाणी आहे."

मी टोपी काढली. दादाने माझ्या छातीकडे पाहिलं. "दोन, शून्य, आठ, पाच. सकाळी पण तूच होतास, बंडू."

मला बंडू म्हणणारं आता तेवढंच माणूस राहिलंय. मी विचारलं, "मग हाक का नाही मारलीस?"

त्याने निनादरावांकडे तिरकं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाहुणे असले की हाक मारायची नाही. वहिनीने सांगितलंय."

फाटकाचे गज तापले होते. मी ते धरून उभा राहिलो. मावशीने विचारलं, "तुमी कोन?"

"भाऊ."

"कुनाचे?"

"यांचा. सख्खा."

"मी आल्यापासून बघितला नाय तुमाला," ती म्हणाली, आणि तिने कडी काढली.

निनादरावांनी मनगटावरचं घड्याळ बंद केलं. दादा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हे पाहुणे ना?"

"नाही," मी म्हटलं. "हे आपल्या मुग्धाचे यजमान. आपले जावई."

दादाने विचार केला. मग तो निनादरावांना म्हणाला, "मला लाडू नको."

निनादरावांनी माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही म्हणाला होतात, तुम्ही एकटेच."

"म्हणालो होतो."

"मुग्धाला माहीत आहे?"

"तिला मीच गप्प केलं."

ते खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. नाडी सुटलेली नव्हती. उठून म्हणाले, "मी पुढे जातो," आणि गेले. त्यांची चाल बघून कळलं, सकाळपासून माझ्यासाठी किती आवरून पळत होते ते.

मी आत बाकावर बसलो. पाय खरंच धरले. दादा माझ्या पोटऱ्या दाबत बसला. आई चेपायची तशा, अंगठे रुतवून. मी विचारलं, जेवतोस का, झोप लागते का. तो म्हणाला, भात गार असतो. मुग्धा येते तेव्हा चकल्या आणते. मी म्हटलं, "मुग्धा येते?" तो म्हणाला, "कुणाला सांगायचं नाही." मग बस आली. दादाने तिचाही नंबर वाचला. बसमध्ये माझ्यासारखे पाचसहा जण मान खाली घालून बसले होते. कंडक्टरसारखा उभा असलेला एक स्वयंसेवक म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी होईल." मी खिडकीशी बसलो.

दुपारी ठरल्याप्रमाणे बोंबील झाले. तळलेले, कुरकुरीत, तांदळाच्या भाकरीबरोबर. तिघांनी खाल्ले. निनादराव उठून आंघोळीला गेले, आणि मुग्धाने ताटं उचलताना म्हटलं, "मला विचारायचं तरी, बाबा."

"सुचलं नाही."

"तुम्ही सांगून मोकळे झालात. मला इथे राहायचंय." ती रडत नव्हती. "मी महिन्यातून एकदा जाते काकाकडे. ऑफिसला उशीर झाला, असं यांना सांगते. हे त्यांना मी सांगायचं होतं. माझ्या वेळेला."

तिच्याकडे सांगायला काही उरू दिलं नव्हतं मी. आधी तिला खोटं बोलायला लावलं, आणि आता खरं बोलायची तिची पाळीही मीच घेतली. रात्री त्यांच्या खोलीतून बोलण्याचे आवाज येत होते. शब्द कळत नव्हते, आणि मी कान दिला नाही.

सकाळी निनादराव मला पनवेल स्टँडवर सोडायला आले. मला पायऱ्या उतरता येत नव्हत्या, त्यांनी बॅग घेतली आणि दंडाला धरलं. गाडी लागायला वेळ होता. वडापावच्या गाडीवर तेल तापत होतं. ते म्हणाले, "आईबाबांना मी सांगेन. त्यांचं काय म्हणणं असेल माहीत नाही. ती एकटी जात होती, हे मला जास्त लागलं." मी काही बोलायला गेलो. "आत्ता नको, बाबा," ते म्हणाले. गाडी सुटेपर्यंत मात्र थांबले.

घाट चढताना, साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा, सगळा वेळ मांड्या ठणकत होत्या. बाजूच्या माणसाने विचारलं, पडलात का कुठे? मी हो म्हटलं. मॅरेथॉन पळायला गेलो होतो आणि पुरी झाली नाही, हे सांगायला जीभ वळत नव्हती. खरं तर त्याचं वाईटही वाटत नव्हतं. थकवा तेवढा होता, आणि तो त्या एका दिवसाचा नव्हता.

दार उघडल्यावर हिने माझी चाल पाहिली आणि न विचारता पाणी तापत ठेवलं. मुग्धाचा फोन येऊन गेला होता, हे चेहऱ्यावरून कळलं. घमेल्यात पाय घालून बसलो तेव्हा ती समोर पाटावर बसली.

"भावजी काय म्हणाले?"

मी सांगितलं. पाहुणे असले की हाक मारायची नाही, वहिनीने सांगितलंय.

तिने घमेल्यात हात घालून पाणी चाचपलं. मग म्हणाली, "मी सांगितलं होतं. पण मला कोणी सांगायला लावलं, ते नाही म्हणाले?"

"नाही."

ते शब्द माझे होते. दुसरे पाहुणे यायच्या आधी मी स्वयंपाकघरात तिला म्हणालो होतो, तू सांग त्याला, तुझं ऐकतो तो. माझ्याच्याने सांगवत नव्हतं. ती आत गेली, आणि मी बाहेर दिवाणखान्यातली चादर झटकत राहिलो. दादा अजून समजत असेल की वहिनी त्याच्यावर रागावलेली आहे. येत्या रविवारी आम्ही दोघं जाणार आहोत. फाटकाशी पोचल्यावर पहिलं हेच सांगायचंय त्याला, की ते वहिनीचं नव्हे, माझं सांगणं होतं, आणि तेही हिच्या देखत.