भूपेंद्रची भरीत पार्टी

भूपेंद्र चौधरीच्या हाताला गुण होता, पण तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी, असा त्याचा स्वभाव. वरणगावात बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याने फिजिओथेरपीचा दवाखाना थाटून दीड वर्ष झालं होतं. आखडलेले खांदे, धरलेल्या कमरा तो मोकळ्या करी. फक्त पेशंट यायला हवेत ना! ते डॉक्टरांनी पाठवायचे, आणि डॉक्टरांना भेटायचं म्हटलं की हा गडी कार्ड कंपाउंडरच्या टेबलावर ठेवून चोरासारखा जिना उतरे. शेवटी सुरतेच्या एका हॉस्पिटलने नोकरी देऊ केली. सोमवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. भूपेंद्रला जायचं नव्हतं. दवाखान्याची पाटीसुद्धा त्याने स्वतः रंगवली होती.

"बोलता येत नाही तं जेवू घाला," बायको कोकिळा म्हणाली. "भरताले कोन नाही म्हनते?"

खरंच होतं ते. थंडीत मळ्यातल्या भरीत पार्टीला नाही म्हणणारा माणूस खानदेशात अजून जन्माला यायचाय. रविवारी भूपेंद्रच्या काकांच्या मळ्यात, काकांच्याच आमंत्रणावरून, भुसावळ-जळगावकडचे चौदा डॉक्टर हजर झाले. कोकिळाने नवऱ्याच्या खिशात कार्डांचा गठ्ठा कोंबला होता आणि दोन वाक्यं पाठ करून घेतली होती.

पण भरीत करणारा आचारी आयत्या वेळी आलाच नाही. भूपेंद्रला केवढं हायसं वाटलं! कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, मिरच्या, लसूण लाकडी भांड्यात घेऊन तो ठेचायला बसला तो उठेचना. पंगतीत वाहवा झाली. एक तरुण डॉक्टर बोटं चाटत म्हणाला, "महाराज, नंबर द्या तुमचा. पुढच्या महिन्यात आमच्याकडे साठ पानं आहेत." भूपेंद्रने मान डोलावली आणि चक्क नंबर दिला. चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या कोकिळाने कपाळाला हात लावला. कुणीही लावला असता.

माणसाचे सांधे न्याहाळायची सवय मात्र भूपेंद्रला तिथेही सुटली नव्हती. पंगतीत हाडांचे ज्येष्ठ डॉक्टर प्रेमराज होते, सगळे त्यांना नाना म्हणत. ते घास तोंडाकडे नेत नव्हते, तोंडच वाकवून घासाकडे नेत होते. ते हात धुवायला विहिरीकडे गेले तसा भूपेंद्र ठेचायचा दांडा टाकून मागोमाग गेला.

"नाना, खांदा कधीपासून धरलाय?"

नानांनी आधी आजूबाजूला पाहिलं. "पाच महिने झाले. कोनाले सांगू नको भो. हाडाचा डॉक्टर अन् सोताचाच हात वर होत नाही, लोक हसतीन."

भूपेंद्र हसला नाही. नानांना विहिरीच्या कट्ट्यावर बसवून तो अर्धा तास खांदा हलवत राहिला, आणि कुठे दुखेल, रोज घरी काय करायचं, किती आठवडे लागतील, हे न अडखळता सांगत राहिला. हात कामाला लागले की त्याची जीभही सुटायची, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. नानांचा हात चार बोटं वर गेला.

"तू आचारी नाहीस का रे?"

"नाही नाना, वरणगावात माझा दवाखाना आहे." पाठ केलेल्यांपैकी हे पहिलं वाक्य होतं.

सोमवारी संध्याकाळी, बाजाराच्या ऐन गर्दीच्या वेळी, नानांची गाडी दवाखान्यासमोर थांबली. आत एका आजीचा गुडघा चालू होता. भूपेंद्र धावतच बाहेर आला.

"नाना, मागच्या दारानं या ना. कुणाला दिसणार नाही."

नाना बाहेरच्या बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसले. "दिसू दे," ते म्हणाले. "नंबर आला का आवाज दे."

"नाना, तुम्ही इथं?" येणारा-जाणारा थांबून विचारू लागला. "खांदा धरला व्हता. हा पोरगा मोकळा करून राह्यला," नाना प्रत्येकाला मोठ्याने सांगत होते. हसं होईल म्हणून पाच महिने दुखणं लपवलेला हा माणूस! आत आजीच्या गुडघ्यावर हात ठेवून भूपेंद्र ते ऐकत होता आणि त्याचे डोळे भरून आले.

नाना गेल्यावर सुरतेला कळवायचं राहिलं होतं. असले फोन नेहमी कोकिळाच करी. तिने मोबाईल उचललाही, पण भूपेंद्रने तो तिच्या हातून घेतला आणि येत नसल्याचं स्वतःच सांगून टाकलं.