साडूंची बोट

आमच्या मोठ्या साडूंइतकं चिकित्सक गिऱ्हाईक जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत दुसरं नाही, आणि देवाने ते होऊही देऊ नये, असं दोन्ही तालुक्यांतल्या दुकानदारांचं मत आहे. नवी चप्पल पायात घालून ते बाजाराच्या टोकापर्यंत चालत जातात आणि दुकानदार मागून पावती घेऊन धावतो. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाशी बोलण्याआधी त्याच्या घरची कांद्याची चाळ बघून आले. "कांदा कसा जपतोय त्येच्यावर मानूस कळतो, भाऊ," असं मला वर समजावलं. लेण्याद्रीला आईसाठी डोली ठरवताना त्यांनी डोलीवाल्यांचे खांदे, डोलीचे दांडे आणि दोरीच्या गाठी इतक्या बारकाईने तपासल्या, की म्हातारी कंटाळून पायीच वर गेली आणि गणपतीचं दर्शन घेऊन उतरायलाही लागली.

अशा माणसाबरोबर मागच्या हिवाळ्यात आम्ही अंदमानला गेलो. ते, त्यांची बायको म्हणजे माझी मोठी मेव्हणी, आमच्या ताई, आणि आम्ही नवरा-बायको. साडू शिनोलीचे, हातातलं काम संपलं की गळ घेऊन डिंभे धरणाच्या काठाला बसणारे. समुद्रात लांबवर नेऊन मासे पकडू देणाऱ्या बोटी असतात, हे हॉटेलात कळल्यावर त्यांचे डोळे चमकले. मी म्हटलं, हॉटेलवाला सांगतो ती बोट घेऊ. "न्हाई राव! बैल न बघता घेतला तर फार तर लाथ खाशील. बोट न बघता घेतली तर?"

मग आमची धक्क्यावरची वारी सुरू झाली. पहिली बोट पांढरीशुभ्र, गाणी लावलेली. साडूंनी तिला नारळासारखं ठोकून बघितलं, इंजिन चालू करायला लावलं, धुराचा वास घेतला आणि "खोकतंय" एवढंच बोलून खाली उतरले. दुसऱ्या बोटीच्या तरुण तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, विचारलं, "शादी हुई क्या?" तो लाजून "नहीं चाचा" म्हणाला. तीही बोट बाद. "ज्येची घरी कुनी वाट बघत न्हाई, त्यो मागं लवकर वळत न्हाई." पुढच्या बोटींत ते प्रत्येक बाकावर टेकून बसले, सावली कुठवर येते ते बघितलं, आणि संडासाची कडी तर इतक्यांदा लावली-काढली, की मी ओळख नसल्यासारखा लांब उभा राहिलो. शेवटी न राहवून म्हणालो, "अहो, आपण दोघंच तर जाणार! कडी कशाला बघताय?"

"दोगं कशापायी? ती बी येनार हाय."

ती म्हणजे ताई. लग्न झालं त्या वर्षी माहेरी जाताना ताईंची होडी धरणाच्या पाण्यात कलंडली होती. सगळे वाचले, पण तेव्हापासून त्या माहेरीसुद्धा लांबच्या रस्त्याने जात. "त्यांना विचारलंय का?" मी म्हणालो. "आधी बोट तर गावू दे," साडू म्हणाले.

बोट गावली ती रंग उडालेली, निळी. तिच्या म्हाताऱ्या तांडेलाला साडूंनी विचारलं, "समुंदर बिघडा तो?" बाकीचे सगळे 'कुछ नहीं होगा' म्हणाले होते. हा म्हणाला, "तो नहीं जाएगा. दूसरे दिन आना." साडूंनी तंबाखूची डबी त्याच्यापुढे धरली. सौदा पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी ताईंना 'नुसती बघायला' म्हणून आणलं, सोबतीला माझी बायकोही आली. त्या साडूंचा दंड घट्ट धरून आत आल्या, बाकावर बसल्या आणि डोळे मिटून घेतले. बोट धक्क्याला बांधलेलीच होती. "उतरायचं आसंल तर उतर," साडू हळूच म्हणाले. "मासा काय, बाजारात बी मिळतोय."

ताईंनी डोळे उघडले. "चालू करायला सांगा. उगा उन्हात किती बसायचं?"

किनारा दिसेनासा झाला आणि समुद्र लागला तो साडूंनाच. बोट, इंजिन, तांडेल, कडी सगळं तपासलेला हा माणूस स्वतःचं पोट तपासायचं विसरला होता. ताईंच्या मांडीवर डोकं ठेवून ते कण्हत होते, आणि त्यांचा गळाचा रॉड ताईंच्या हातात होता. एकाएकी तो वाकला. "आवं, ह्ये वढतंय!"

"ढील दे! ढील दे!" साडू मांडीवरूनच ओरडले.

"तुमी गप पडा!" म्हणत ताई त्यांचं डोकं बाजूला सारून उठल्या. पाय रोवले, ओठ आवळले. तांडेल शेजारी उभा राहून सांगत होता, माझी बायको नुसतीच किंचाळत होती, आणि चांगली हातभर सुरमई उसळत बोटीत येऊन पडली. ताई आधी माशाकडे बघत राहिल्या, मग चारी बाजूंच्या पाण्याकडे, आणि एकदम खळखळून हसल्या. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

परतताना त्या बोटीच्या पुढच्या टोकाला एकट्याच जाऊन बसल्या. पदर वाऱ्यावर उडत होता. त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. साडू बाकावर आडवे, चेहरा पिवळाफटक. पण मान वळवून तिकडेच बघत होते. लांबवर झाडांची रेघ दिसायला लागली तशी मी म्हटलं, "आलोच आता. थोडा दम धरा."

त्यांनी माझा हात धरला. "भाऊ, तांडेलाला सांग, सावकाश घे म्हनावं," ते म्हणाले. "तिला बसू दे जरा."