गळ्याबाहेरचा स्वर

त्या दिवसांची आठवण काढू लागलो की प्रथम धुके दिसते. पवनेवरून उठलेले ते हिवाळी धुके घाटाच्या पायऱ्या चढून चिंचवडातल्या माझ्या गुरुजींच्या ओसरीपर्यंत येत असे आणि तेथे, आज्ञेची वाट पाहत असल्यासारखे, थांबत असे. धुक्याच्या पलीकडून पिंपरीच्या बाजूचा एखादा भोंगा ऐकू येई. १९५० नंतरची ती वर्षे. जोंधळ्याच्या शेतांत पत्र्याच्या शेडी उभ्या राहू लागल्या होत्या, आणि सकाळच्या त्या अंधुक प्रकाशात कारखाना कोणता व मेघ कोणता हे ओळखू येत नसे.

मी गावच्या शाळेत संस्कृत शिकवीत असे. शाळा भरण्यापूर्वीचा प्रातःकाळ मात्र गुरुजींचा होता. त्यांच्यापाशी मी ऋग्वेदाचा क्रमपाठ घेत होतो. मंत्रातील पहिले पद दुसऱ्याशी जोडून म्हणावयाचे, मग दुसरे तिसऱ्याशी, तिसरे चौथ्याशी. नदी ओलांडताना माणसे मागच्यापुढच्याचा हात धरतात, तशी ही पदे एकमेकांना धरून चालतात. गुरूने एकदा म्हणावे, शिष्याने दोनदा, असा परिपाठ. ऋग्वेदाचे भाग आठ, त्यांना अष्टके म्हणतात; त्यांपैकी सात झाली होती. गुरुजींचे इतर शिष्य पोटापाण्यासाठी दूर गेलेले. त्यांच्या मुखातून इतका पाठ घेतलेला मी एकटाच उरलो होतो. आठवे अष्टक आरंभले आणि गुरुजींचा आवाज बसला.

ज्येष्ठमध झाले, खडीसाखर झाली, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. अखेर मी त्यांना पुण्याच्या एका शस्त्रवैद्यांकडे नेले. कपाळावर वाटोळा आरसा बांधलेल्या त्या गृहस्थांनी दुसरा चिमुकला आरसा दिव्यावर धरून ऊन केला, गुरुजींच्या घशात सोडला आणि बराच वेळ पाहिले. मग त्यांनी शांतपणे सांगितले की स्वरयंत्रावर दुष्ट गाठ आहे, स्वरयंत्र समूळ काढावे लागेल, आणि पुढे श्वास गळ्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या छिद्रातून चालेल. जीव वाचण्याची आशा चांगली होती. आवाज मात्र जाणार होता. शस्त्रक्रिया लांबवली तर श्वासाचीच वाट बंद होईल, हेही त्यांनी सांगितले.

 घरी परतून ओसरीवर बसल्यावर गुरुजी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आवाज काढून घेतल्यावर उरेल तो कोण?" आणि त्यांनी शस्त्रक्रियेस नकार दिला. उरलेल्या आवाजात होईल तेवढे अष्टक सांगून संपवावयाचे, असा त्यांचा निश्चय होता. त्या आवाजात ते संपणार नाही, हे ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला कळत होते.

माझ्या घरी तेव्हा रत्नागिरीकडचा एक तरुण इंजिनिअर भाडेकरू होता. पंप बनविणाऱ्या एका नव्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तो आराखडे काढीत असे. जेवताना त्याने ही हकीकत ऐकली, घास हातातच ठेवला, आणि पुढच्या सुटीच्या दिवशी माझ्याबरोबर पुण्यास आला. शस्त्रवैद्यांनी त्याला एका परदेशी वैद्यकीय नियतकालिकातील चित्र दाखविले. गळ्याच्या छिद्रावर एक वाटी, तीतून निघालेली नळी, नळीच्या मध्ये कंप पावणारी पट्टी आणि दुसरे टोक तोंडात. आपल्याकडे असे उपकरण मिळत नव्हते. इंजिनिअरने चित्रावर पातळ कागद ठेवून पेन्सिलने ते उतरवून घेतले. परतल्यावर तो थेट गुरुजींसमोर जाऊन बसला.

"गुरुजी, फुप्फुसातला वारा तोच राहणार. जीभ, ओठ, दात, टाळू, सगळं तेच. मधला कंप तेवढा जातोय. तो आपण बाहेरून देऊ."

गुरुजींनी डोळे मिटले. नाभीतून उठलेला वायू हृदय, कंठ आणि मस्तक यांना स्पर्शून मुखात वर्ण होतो, हे त्यांनी बाळपणी शिकलेले. नव्या शास्त्राने त्यांना जणू ओळखीच्याच दारातून आत बोलावले होते. मग ते म्हणाले, "कंप तुम्ही द्या. बाकीचे माझ्यापाशी आहे."

त्यांच्या मूळ कंठातून मी ऐकलेले अखेरच्या वाक्यांपैकी ते एक.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. गळ्यावर पांढऱ्या मलमलीचा लहानसा पडदा बांधून गुरुजी घरी आले, आणि ओसरीवर एक अनोळखी शांतता राहावयास आली. ते पाटीवर लिहून बोलत. गुरुपत्नींना, ज्यांना मी काकू म्हणत असे, अक्षरओळख नव्हती. त्या मला म्हणाल्या, "बघा की, उभ्या जन्मात भांडणापुरतं तरी वाचायला शिकले असते! आता हे काय लिहितात ते तुम्ही वाचून सांगायचं, आणि तुम्ही तर त्यांच्याच बाजूचे." गुरुजी हसले. त्या हसण्याला ध्वनी नव्हता. खांदे तेवढे हलले आणि गळ्यावरची मलमल थरथरली.

इकडे इंजिनिअर आणि मी कामास लागलो होतो. त्याने पेटी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून पितळी पट्ट्या आणल्या, भात्याबरोबर पेटीत सूर काढणाऱ्या त्याच. वेदमंत्रांत स्वर किती, असे त्याने मला विचारले. मी त्याला उदात्त, अनुदात्त, स्वरित असे तीन स्वर समजावून सांगितले. मधला, खालचा आणि वर चढणारा. त्याचे डोळे उजळले. तीन स्वर, म्हणून तीन पट्ट्या, आणि तीन बोटांसाठी तीन चाप. आराखडा इतका सुबक होता की आम्ही दोघेही त्याच्यावर भाळलो.

गुरुजींनी उपकरण निरखून पाहिले आणि पाटीवर पहिली शंका लिहिली: तोंडात गेलेली नळी उष्टी, ती मुखात धरून वेद कसा म्हणावा? म्हणून ते म्हणण्याआधी व नंतर सारे उपकरण पळीपळीने धूत, आणि पाण्याने पट्ट्या मुक्या होत. इंजिनिअरने यावर तक्रार केली नाही. त्याने सोनाराकडून तोंडाची नळी रुप्याची घडवून घेतली आणि ती फिरवून वेगळी काढता येईल अशी केली. धुण्याचे तेवढे धुवावे, पट्टीला पाणी लागू नये. पुढे शस्त्रवैद्यांनी ते पाहिले तेव्हा ते म्हणाले की लाळेने पट्टी बंद पडण्याची परदेशातलीही तक्रार यात आपोआप मिटली आहे. सोवळ्याने अशी सुधारणा सुचविलेली पाहून त्यांना मोठी मौज वाटली.

परंतु तीन चापांचे काही जमेना. एका हाताने वाटी गळ्यावर दाबून धरावयाची, दुसऱ्याने चाप खेळवावयाचे. पद पुढे निघून जाई आणि बोट मागे राही. जन्मभर ज्यांचे स्वर श्वासासारखे आपसूक आले, त्या गुरुजींना आता प्रत्येक स्वर शोधावा लागे. मंत्राऐवजी पेटीची शिकवणी चालल्यासारखे वाटे. दूध घालावयास येणारे शेजारचे एक वृद्ध शेतकरी अंगणात उभे राहून ऐकत. एके दिवशी ते म्हणाले, "गुरुजी, आमच्या भजनाला या की. आमचा पेटीवाला सारखा रुसतुया. तुमची पेटी काय कुठं रुसून जायची न्हाई." गुरुजींचे खांदे तेव्हाही हलले, पण शेतकरी गेल्यावर त्यांनी उपकरण वस्त्रात गुंडाळून कोनाड्यात ठेवले आणि पाटीवर लिहिले, "अष्टक अपुरे राहणार."

ती पाटी मी काकूंना वाचून दाखविली नाही. त्यांनी माझ्या मुद्रेवरून ती वाचली.

मग काही काळ मी सकाळी जात असे आणि आम्ही दोघे नुसते बसत असू. धुके येई, विरून जाई. गुरुजींच्या गळ्यावरची मलमल श्वासागणिक आत-बाहेर होत असे, आणि मला वाटे, मंत्र तेथेच आहेत, एका पातळ पडद्याआड उभे आहेत, त्यांना अंगणात यावयास कोणी हाक मारीत नाही एवढेच.

अशाच एका सकाळी इंजिनिअर नवा आराखडा घेऊन आला. चाप हलके केले होते, त्यांच्या जागा बदलल्या होत्या, आणि स्वरांतील संधी साधण्यासाठी चौथी पट्टी घातली होती. गुरुजींनी तो कागद आदराने दोन्ही हातांत घेतला, पाहिला, आणि पाटीवर लिहिले, "एकच ठेवा."

"एकाच पट्टीवर? मग स्वर कुठून येणार, गुरुजी?"

गुरुजींनी कोनाड्यातून जुने उपकरण आणविले, एकच चाप दोऱ्याने आवळून बांधावयास सांगितले, आणि मला खुणेने अगदी जवळ, समोर बसविले. मग डाव्या हाताने वाटी गळ्यावर धरून त्यांनी उजवा तळवा माझ्या मस्तकावर ठेवला.

वेद शिकणाऱ्या लहान मुलाचे डोके गुरू असेच हातात धरतो. अनुदात्ताला मान खाली लववितो, उदात्ताला समोर आणतो, स्वरिताला वर उचलतो; मुलाच्या मानेत स्वर मुरले की हात काढून घेतो. माझ्या मस्तकावरून तो हात निघाल्याला तेव्हा कित्येक वर्षे लोटली होती.

नळीतून भुंग्याच्या गुंजारवासारखा एक सलग, अखंड ध्वनी आला. त्यात दोन पदे होती, स्पष्ट उच्चारलेली, पण चढउताराविना. त्याच वेळी हाताने माझी मान लवविली, सरळ केली, वर उचलली. मी तोंड उघडले आणि ती पदे स्वरांसह बाहेर पडली. कोठे आठवावे लागले नाही. मानेला सारे ठाऊक होते. विसर्ग त्या नळीतून नीट येत नसे. तेथे त्याची खूण म्हणून गुरुजींनी दोन बोटे माझ्या कपाळावर हलकेच टेकविली.

मी परिपाठाप्रमाणे दोनदा म्हटले. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. इंजिनिअर बराच वेळ माझ्या मानेकडेच पाहत होता. शेवटी त्याने आराखड्याची घडी घातली आणि मला म्हणाला, "म्हणजे बाकीच्या पट्ट्या तुमच्या मानेत बसवलेल्याच होत्या! आधी सांगितलं असतं, तर एवढं पितळ वाया गेलं नसतं."

त्याने मग एकाच पट्टीचे, एका हातात राहील असे हलके उपकरण केले, दुसरा हात मोकळा राहावा म्हणून. आठवे अष्टक आम्ही त्यावर घेतले. ती सकाळ कोणती आणि ही कोणती, हे आज मला वेगळे करता येत नाही. सगळ्या मिळून एकच दीर्घ पहाट झाली आहे. तीत नदी आहे, दूरचा भोंगा आहे, भुंग्याचा नाद आहे आणि मस्तकावर ऊबदार भार आहे. कधी वाटे, मी म्हणत नाही, कोणी तरी माझ्या गळ्याने म्हणत आहे.

अखेरचे सूक्त संपले त्या दिवशी धुके लवकर निवळले. शेवटचे पद मी दोनदा म्हटले. गुरुजींनी हात काढून घेतला. रुप्याची नळी फिरवून काढली, धुतली, पुसली. मला वाटले, आता ते उपकरण वस्त्रात ठेवतील. त्यांनी नळी पुन्हा बसविली, वाटी गळ्यावर धरली आणि त्याच एका सुरात म्हणाले,

"आता तू आधी सांग. मी ऐकतो."

मी आठव्या अष्टकाचा आरंभ केला. मस्तकावर हात नव्हता. माझी मान लवली, समोर आली, वर गेली; आणि समोर, मलमलीच्या पांढऱ्या पडद्यामागे, त्यांचा श्वास माझ्या पदांबरोबर चालू लागला.