म्हण, यांच्याकडं बघून म्हण

पक्षकाराच्या खांद्यावर हात टाकून वकीलसाहेब त्याला गर्रकन फिरवायचे, त्याच्याच घरच्या माणसांसमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "म्हण. यांच्याकडं बघून म्हण."

बारामतीच्या कोर्टात माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून होती. लागून म्हणजे, त्यांचं अर्धं पोट माझ्याच टेबलावर विसावलेलं असायचं. इंदापूरची तारीख असली की त्यांच्या लुनाला आदल्या दिवसापासून ताप यायचा, हे शपथेवर सांगायला कोपऱ्यावरचा पंक्चरवाला तयार होता.

गुन्हा कबूल करायचा की केस लढवायची, हे आम्ही बाकीचे वकील कागद बघून ठरवायचो. हे मात्र माणूस बघून ठरवायचे. "कोर्टात कबूल म्हणायला जीभ एकदा हलती," ते म्हणायचे. "गावात ते जन्मभर ऐकावं लागतं. म्हणून आधी घरच्यांपुढं म्हणून बघ. घशात अडकलं तर लढू."

हातभट्टीच्या केसमधला एक गडी बायकोपुढं "मी दारू गाळली" एवढं म्हणाला मात्र, ती कडाडली, "अन् शिमग्याला गाळली ती? अन् माझ्या भावाच्या हळदीला?" बाई गुन्हे सांगत सुटली. ते लिहून घ्यायचं म्हटलं असतं तर कोर्टातली शाई संपून पुण्याहून मागवावी लागली असती. वकीलसाहेब डोळे पुसत म्हणाले, "कबूल कर बाबा. जेल परवडंल."

उलट, माळेगावच्या एका ट्रॅक्टर ड्रायव्हरला आईपुढं तोंडच उघडवेना. वकीलसाहेब लढले आणि त्याला सोडवून आणला. तेव्हापासून आम्हीही त्या पद्धतीला मान द्यायला लागलो.

मग सोपानची केस आली.

पिंपळीचा पोरगा. आज्याची मेंढरं होती, बापानं शेती धरली, हा एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात रोजंदारीवर. कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चोरीला गेली आणि पोलिसांनी याला उचलला. जमीन तेव्हा भावकीच्या नावावर, त्यामुळं बापाला जामीन राहता येईना. पोरगा कोठडीतच अडकला. केस पोकळ होती. माझ्यासारख्यालाही जिंकता आली असती, म्हणजे बघा.

"लढू," वकीलसाहेब म्हणाले. "वरीसभर लागंल, पण सुटशील."

"आईला तेवढा टाइम न्हाय, साहेब."

आई अंथरुणाला खिळली होती, अखेरचं चाललं होतं. कबूल केलं तर कोठडीत काढलेले दिवस हीच शिक्षा धरून त्याच दिवशी सुटका होणार होती. पोलीस त्याला व्हरांड्यात घेऊन आले. वकीलसाहेबांनी त्याला बापापुढं उभा केला. "म्हण. यांच्याकडं बघून म्हण."

बापच हात जोडून म्हणाला, "म्हण लेकरा, म्हण. ती वाट बघतीया."

"मी चोरी केली," सोपान म्हणाला. स्वच्छ. कुठं अडकला नाही.

वकीलसाहेबांनी मान डोलावली. दुपारी सोपान सुटला. आईच्या तोंडात शेवटचं पाणी त्यानंच घातलं. त्या दिवशी आम्हाला वाटलं, बरं झालं.

पुढं कारखान्यानं त्याला गेटवरूनच परत पाठवला. कुणाचीही मोटार गेली की पोलीस आधी त्याच्या दारात. असाच एकदा पुन्हा उचलला. वकीलसाहेब भेटायला गेले तर हा गजांमागून म्हणतो, "कबूल करून टाकू की साहेब. लवकर सुटतो."

"गप!" वकीलसाहेब ओरडले. "या वेळी लढायचं. तुझा बाप जामीन राहील."

आता वाटण्या होऊन सातबारा बापाच्या नावावर आला होता. मला लुनावर मागं बसवून ते तडक पिंपळीला निघाले. बाप उसात उभा होता, हातात खोरं.

"तात्या, चला. पोरगं बाहेर आलं तर लढता येईल. आत बसून पुन्हा कबूल करंल त्ये."

म्हातारा हलला नाही. "त्यानं पयली मोटार नेली व्हती का, वकीलसाहेब?"

"न्हाय! तुमाला ठावं न्हाय का? आईपायी म्हणला त्ये. तुमीच म्हणायला सांगितलं."

"व्हय. मीच सांगितलं." म्हातारा उसाच्या पाचटाकडं बघत राहिला. "पन माझ्या डोळ्यांत बघून म्हणला. जरा अडखळला असता तर... आता गावात कोन काय बोललं तर मी न्हाय म्हनाया जातो, अन् त्याचाच आवाज कानात येतो. मी चोरी केली. मला न्हाय सही करवत."

"तात्या, घरच्यांच्या तोंडावर म्हणायला मी लावलं. ती माझी रीत हाय. नुसती रीत!"

"मग कशाला लावलं, साहेब?"

वकीलसाहेब काळ्या कोटासकट बांधावर बसले. पुढं सोपाननं कबूल केलंच, आणि यांनी फौजदारी कामं सोडली. आता तर तेही नाहीत. पण मला ते दिसतात ते तिथंच.

"उठा साहेब," म्हातारा म्हणाला. "बारं दिलंय मी."

पाणी सरीतून वाट काढत आलं, बुटांपर्यंत आलं, बुटांत शिरलं. ते उठले नाहीत.