वाघाला जागेवर बसवायचं

वाघ-बकरीचा डाव मला माझ्या थोरल्या जावेनं शिकवला. आमच्या रिहे गावाच्या वर डोंगरात आम्ही दोघी शेरडं चारायला न्यायचो. तिथं एका कातळावर जुन्या काळी कुणीतरी डावाच्या रेघा कोरून ठेवल्या होत्या. वाघ म्हणून आम्ही खडे मांडायचो आणि बकऱ्या म्हणून वाळलेल्या लेंड्या. लेंड्यांना तोटा नव्हता.

मी नेहमी वाघ मागायची, कारण वाघाला खायला मिळतं. बकरीच्या पलीकडचं घर रिकामं असलं की वाघ तिच्यावरून उडी मारतो आणि ती बकरी डावातून जाते. बकऱ्यांना कुणाला मारता येत नाही. त्यांनी वाघाला चहूकडून कोंडायचं. त्याला हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या. जाऊ कायम बकऱ्या घ्यायची आणि मला हरवायची. एक बकरी ती मुद्दाम वाघाच्या तोंडाशी आणून ठेवायची. मी हरखायची, मग दिसायचं की तिच्या मागं दुसरी बकरी उभी आहे. उडी बंद.

"बघ किती जवळ हाय. खा की," ती म्हणायची.

"मागचं घर मोकळं करा, मग खाते."

"व्हय, आन मीठ-मिरची बी लावून देते तुला!"

ती म्हणायची, वाघाला हाकलू नये. हाकललेला वाघ दुसरीकडं जाऊन खातो. त्याला आपल्यापुढंच बसवून ठेवावं.

घरातही ती तेच करत होती, हे मला लग्नानंतर वर्षभरानं कळलं.

माझे थोरले दीर दारू पीत नव्हते. हे सांगते, कारण लोकांना वाटतं पिणाराच मारतो. ते शुद्धीत मारायचे. दुष्काळ होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांनी आपली मुलगी धरणापलीकडच्या एका बिजवराला द्यायचं ठरवलं. पोरगी अजून शहाणी झाली नव्हती. बिजवराची पोरं तिच्याएवढी होती. जावेनं नकार दिला, तो कुणी ऐकला नाही. आता फक्त तारीख धरायची होती, आणि ती धरायला दिरांना तिकडं जावं लागणार होतं. जावेचा भाऊ कासार आंबोलीला होता. तो भाचीला ठेवून घ्यायला तयार होता, पण त्याची बायको तयार होईना. तिचं मन वळेपर्यंत दिरांना घरात अडकवून ठेवायचं, एवढंच जावेच्या हातात होतं.

दिरांनी धुतलेलं धोतर काढलं की ती भांडण काढायची.

"निघाली का स्वारी? जावयाला काका म्हणायचं का आजा, तेवढं इचारून या."

"तोंड आवर."

"मी आवरते. जावयाला म्हणावं तू दात आवर, वाटंत पडत असत्याल."

एकदा तिच्यावर चिडले की दिरांना दुसरं काही सुचत नसे. शिव्या देऊन होईपर्यंत पौडची गाडी निघून जायची. मग ते ओट्यावर धुमसत बसायचे आणि जाऊ आत भाकरी थापायची. तिच्या मागं, दारात, आत्याबाई म्हणजे आमची सासू बसलेली असायची. आईदेखत दीर बायकोवर हात टाकत नसत.

आत्याबाई वारल्या. तेरावं झाल्यावर शेरडांमागं जाऊ मला म्हणाली, "आता तू माझ्या मागं उभी ऱ्हा."

"मी? मला त्यांच्याम्होरं यायची रीत न्हाई."

आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर येत नाही. पदर ओढून आत जाते.

"म्हणून तर. रीत तुला हाय तशी त्यांनाबी हाय. तुला नुसता धक्का लागला तरी भावकीत तोंड दाखवायला जागा न्हाई. बोलू नगं. उभी ऱ्हा."

मी उभी राहिले. दीर हात उगारून आले, मला बघितलं आणि मान फिरवून परड्यात निघून गेले. असं चार महिने चाललं. मग मला दिवस भरत आले आणि माझा भाऊ गाडी घेऊन न्यायला आला.

"बाई, मागं कोण?" मी विचारलं.

"तू जा गं. पयलं बाळंतपण म्हायेरीच असतंय."

मी माहेरी असतानाच तिच्या भावजयीचं मन वळलं. जावेनं पोरीला शेरडांमागं डोंगरात धाडलं आणि मामा तिला तिथूनच घेऊन गेला. संध्याकाळी शेरडं एकटीच खाली आली, तेव्हा दिरांना कळलं. ते तडक कासार आंबोलीला निघाले. जाऊ दारात आडवी झाली. मागं कुणी नव्हतं. त्यांनी तिला ढकललं, ती जात्याच्या दगडावर डोकं आपटून पडली. तशीच सरकत येऊन तिनं त्यांचा पाय धरला. ते गेले नाहीत.

मी बाळ घेऊन आले तर ती बाजेवर होती. उठली की ओकायची. माझे मालक तिला एकदा पुण्याला दवाखान्यात घेऊन गेले, पण उशीर झाला होता.

"पोरीला आणू का भेटायला?" मी तिला विचारलं.

"आणू नगं. आली की ते तिला धरून ठेवत्याल."

दिवाळीच्या आधी ती गेली. मातीलाही पोरीला आणलं नाही.

पोरगी मामाकडंच मोठी झाली. तिचं लग्न झालं तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेल. मी हळदीला गेले, तर तिनं मला खोलीत ओढलं.

"काकी, आई शेवटी माझं नाव घेत होती का गं?"

दुसरी कुणी असती तर हो म्हणाली असती.

"न्हाई," मी म्हटलं. "सारखं इचारायची, 'ते कुटं हायेत? घरात हायेत न्हवं?' मी व्हय म्हटलं की डोळं मिटायची."

तिचा चेहरा उतरला. "त्यांनाच इचारत होती?"

"ते घरात हायेत म्हंजी तुझ्याकडं गेल्यालं न्हाईत. तिला तेवढंच पायजे होतं."

बाहेर बायका तिला हाका मारत होत्या. ती उठली नाही आणि मीही तिला जा म्हटलं नाही.