रणगाड्याची टिचकी

नवजात विभागातल्या मोठ्या सिस्टरला सगळे पाठीमागे रणगाडा म्हणायचे. तिचे पुढचे दोन दात नव्हते. दगावलेल्या बाळाच्या बापाने सलाइनचा लोखंडी स्टँड तिच्या तोंडावर घातला होता. त्याच्यामागून सगळं गणगोत आत घुसत होतं. ही रक्त थुंकत दारात आडवी उभी राहिली.

"आत बाकीची पोरं होती," ती मला म्हणाली. "दातांचं काय, चावायला मागचे आहेत की."

पाळीवर आली की ती प्रत्येक बाळाच्या तळव्यावर टिचकी मारायची, चांगली सणसणीत. बाळाने पाय ओढून बोंब ठोकली की पुढच्या बाळाच्या काचेच्या पेटीकडे. माझी लेक वेळेआधीच जन्मलेली, मुठीएवढी. दर टिचकीला मी तोंड फिरवायचे.

एका सकाळी लेक अगदी शांत होती. दूधही नको म्हणाली. काचेपलीकडून सासूबाईंनी कौतुक केलं, "किती शहाणी आहे! आईला मुळी त्रास नाही."

रणगाड्याने टिचकी मारली. पाय हलला नाही. दुसरी त्याहून जोरात. मी तिचं मनगट धरलं. "मारू नका हो तिला!"

"हो बाजूला!" तिने मला असं ढकललं की मी भिंतीवर आदळले. "पाय बर्फ झालाय हिचा! डॉक्टर!"

मग टाचेत सुई, हातात सुई, शेवटी डोक्यावरच्या शिरेत. चादरीवर रक्ताचे थेंब. पोरगी हूं की चूं करेना.

डॉक्टर म्हणाले, "रक्तात जंतू शिरलेत. एवढ्या लहान बाळाला ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडतं. आईच्या रक्तातली जंतूंना रोखणारी प्रतिपिंडं नाळेतून बाळाला मिळतात, पण जास्त करून शेवटच्या आठवड्यांत. हिला ती पुरेशी मिळालीच नाहीत."

"आणि हिचं स्वतःचं बळ?" मी विचारलं.

"पांढऱ्या पेशी लढताहेत. पण राखीव फौज फार थोडी. पहिली फळी कापली गेली की मागून यायला कोणी नसतं. तोवर औषधाने जंतू मरायला हवेत."

"रडतेस काय?" रणगाडा माझ्यावर खेकसली. "दूध काढ. थेंब थेंब नळीने देऊ. त्यातही पहारेकरी असतात. तिच्या आत कापाकापी चाललीय आणि तू नाक पुसत बसलीयस!"

मी दूध काढत राहिले. छाती सोलवटली. दर पाळीला टिचकी वाजायची आणि पाय तसाच पडून राहायचा. शेजारची पेटी एका दुपारी रिकामी झाली. तिथल्या आईने काचेवर डोकं आपटून घेतलं. रणगाड्याने तिला मागून मिठीत आवळलं, तिचे ठोसे खाल्ले, पण सोडलं नाही. मग हात धुऊन आमच्याकडे आली, ओठ सुजलेला.

टिचकी.

लेकीने पाय झाडला. डोळे मिटून, तोंड वासून असा टाहो फोडला की डोक्यावरच्या शिरेतली सुई निसटली आणि रक्ताची चिळकांडी रणगाड्याच्या पांढऱ्या अंगरख्यावर उडाली.

"घे! मारतेय बघ भवानी!" दातांच्या खिंडारातून ती हसली. मग सुईच्या जागी कापूस दाबत मला म्हणाली, "पुढची तू मार."

पुढच्या पाळीला मी मारली. सणसणीत.