लोणंदच्या खात्यातली सवत

“म्याडम, रिफंडाचं ऱ्हाऊ द्या. त्या बाईचं नाव तेवढं सांगा.”

वैशाली कवठे महांकाळकडच्या गावातून सकाळच्या एसटीने माझ्या सांगलीच्या ऑफिसात आली होती. नवरा संतोष लष्करात हवालदार, पोस्टिंग लांब उत्तरेत. मी करसल्लागार. लोकांचे रिटर्न भरते, नोटिशींना उत्तरं देते. बायकांची नावं शोधणं माझ्या कामात बसत नाही.

झालं होतं असं. पगारातून जो टॅक्स आधीच कापतात तो टीडीएस. जास्त कापला गेला तर रिटर्न भरून परत मागता येतो, तो रिफंड. संतोषच्या नावाने रिटर्न भरलं गेलं होतं आणि जवळजवळ सगळा टीडीएस रिफंड म्हणून निघाला होता. आता इन्कम टॅक्सची नोटीस आली होती, की टॅक्स कमी करायला ज्या वजावटी दाखवल्यात त्यांचे पुरावे द्या. घरी मात्र एक रुपया पोचला नव्हता, म्हणजे तो नवऱ्याने ठेवलेल्या कुणा बाईकडे गेला, असं वैशालीने ठरवून टाकलं होतं.

“दुसऱ्यांच्या बायकास्नी रिफंडातनं फ्रीज येत्यात. माझ्याकडं नोटीस आली,” वैशाली म्हणाली. “नाव कळलं की त्यांच्या शीओ साहेबांकडं अर्ज टाकणार. लिवून आणलाय.”

मी सावध झाले. संतोषची नायब सुभेदाराची बढती तोंडावर आली होती. सीओ म्हणजे कमांडिंग ऑफिसरकडे बायकोचा असा अर्ज गेला की चौकशी लागते आणि बढती लटकते. संसार लटकतो तो वेगळाच.

संतोषच्या आधारला जोडलेला मोबाईल तिच्याकडेच होता. त्यावर ओटीपी घेऊन मी पोर्टल उघडलं. तिला धीर द्यावा म्हणून सांगितलं, “हे बघा, रिफंड फक्त स्वतःच्या नावाच्या खात्यात जातो. म्हणजे पैसे त्यांच्याच खात्यात आहेत.”

“कुठल्या बँकेत?”

“शाखा लोणंदची दिसतेय.”

तिचा चेहरा लालबुंद झाला. “लोणंदला आमचं कोण न्हाई! म्हंजे तिथंच हाय ती.”

धीर द्यायला गेले आणि पुरावा देऊन बसले. प्रोफाईलमधला मोबाईल नंबरही अनोळखी निघाला. मी अडवायच्या आत तिने तो फिरवला.

“बंद लागतोय. बघा, भ्याली सटवी!”

मी वजावटी उघडल्या. रिटर्न इतकं सफाईदार होतं की मला भरणाऱ्याचा हेवा वाटला. मी प्रामाणिकपणे भरते, माझ्या क्लाएंटना चहापुरता रिफंड मिळतो आणि ते मलाच नावं ठेवतात. खोट्या वजावटी लावणाऱ्या या रिफंडवाल्यांच्या दारात गाड्या उभ्या असतात. जळफळाट होतो माझा, खोटं कशाला बोलू?

सगळ्यांत मोठी वजावट अपंग माणसाच्या सांभाळासाठीची होती. नातं, पत्नी. अपंगत्व तीव्र.

“तुम्हाला काही त्रास आहे का?” मी विचारलं.

“मला? दोन म्हशी आन सासू एकटी बघती मी.” मग तिच्या ध्यानात आलं. “म्हंजे तिला बायकू म्हणून लावली? ती आजारी, म्हणून पैसं तिला. मी धडधाकट हाय, म्हणून मी राबायचं!” आणि ती रडायलाच लागली.

माझं डोकं इथे चाललं. बाई लपवणारा माणूस तिला सरकारी फॉर्मात बायको म्हणून लिहीत नाही. हे रिटर्न संतोषला ओळखणाऱ्याने नव्हे, त्याचे कागद हातात असलेल्याने भरलं होतं.

व्हिडिओ कॉल लावला. संतोष युनिफॉर्मवरच होता.

“रिटर्न? आवं म्याडम, टॅक्स पगारातनंच कापत्यात. मी कवा रिटर्न भरलंच न्हाई.”

“लोणंदला कोण हाय?” वैशालीने मधूनच विचारलं.

तो इकडेतिकडे बघायला लागला. तिने पिशवीतून अर्ज काढला.

“लोणंदला कुणाला कागद दिले होते का?” मी घाईने विचारलं.

“म्याडम, हिला जरा भाईर बसवा.”

“मी हालत न्हाई.”

शेवटी तो बोलला. सुट्टीवर असताना लोणंदला एक प्लॉट बघितला होता. एजंटने लोनसाठी म्हणून पॅन, आधार, पगाराचा आणि टीडीएसचा दाखला असलेला फॉर्म सोळा, फोटो सगळं घेतलं. एका मशिनवर अंगठाही घेतला. व्यवहार फिसकटला, कागद तिथेच राहिले.

त्या अंगठ्यावर त्याच्या नावाने खातं उघडलं होतं. मोबाईल एजंटचा, खातं संतोषचं, पैसे एजंटचे. वैशालीने सगळं ऐकलं, अर्जाचे तुकडे केले आणि माझ्या टोपलीत टाकले.

पुढचं काम रुक्ष होतं. सायबर पोलिसांत तक्रार, बँकेला पत्र, इन्कम टॅक्स खात्याला उत्तर, की हे रिटर्न आमचं नाही. बँकेने खातं गोठवलं तेव्हा ते रिकामं होतं. एजंटच्या ऑफिसातून इतर फौजींचेही कागद सापडले आणि त्याला अटक झाली. बरेच खेटे घातल्यावर त्या रिफंडाची वसुली संतोषच्या डोक्यावरून उतरली. बढतीही झाली.

पेढे घेऊन वैशाली आली, पण तोंड फुगलेलंच.

“आता काय झालं? सवत नव्हती ना?”

“सवत परवडली आसती म्याडम. त्यो प्लॉट कुणासाठी बघितला व्हता, ठावं हाय? धाकट्या भावासाठी. म्हंजे माझ्या जावंसाठी! मला पत्र्याचं घर, आन तिला लोणंदला बंगला!”

या धंद्यात मी एवढं शिकले. झेरॉक्स देताना ती कशासाठी देतोय ते तिच्यावर लिहून सही करावी. मशिनवर अंगठा ठेवण्याआधी कारण विचारावं. आणि भावासाठी प्लॉट बघायचा तर बायकोला आधी सांगावं. पहिल्या दोन चुकांवर अपील करता येतं.